"तास किती झाले?" वैमानिकांचे परवाने आणि लॉगबुक वाचायला शिका

विमानांची आवड असलेली चार माणसं जमली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तास किती झाले? एकजण सांगतो ४५, दुसरा २१०, तिसरा १,८००. आकडे ऐकून आपण मनातल्या मनात कोण मोठा, कोण छोटा हे ठरवूनही टाकतो. या क्षेत्रात नवीन असलेल्या पोरापोरींची इथेच फसगत होते. नुसत्या बेरजेवरून कुणाला काय उडवता येतं ते कळत नाही, तसंच आपण त्या वाटेने जावं की नाही हेही कळत नाही. परवाना फक्त परवानगी किती आहे ते सांगतो. अनुभव असतो लॉगबुकाच्या, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीच्या, रकान्यांत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव, कुठूनही तुम्ही या जगाकडे बघत असाल, तर कुणाशी स्वतःची तुलना करण्याआधी किंवा कुणाच्या शब्दावर लाखो रुपये भरण्याआधी हे वाचायला शिका.

पायरी १: आधी परवाना कोणता ते विचारा

"माझ्याकडे लायसन्स आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे सगळे म्हणतात ते डीजीसीए, टप्प्याटप्प्याने परवाने देतं.

पहिला स्टुडंट पायलट लायसन्स. वय १६ पूर्ण, दहावी पास, वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षण संस्थेतली छोटी परीक्षा, एवढ्यावर तो मिळतो. तो असला म्हणजे माणूस वैमानिक झाला असं नाही. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकायची मुभा मिळाली, इतकंच.

दुसरा प्रायव्हेट पायलट लायसन्स, म्हणजे पीपीएल. वय १७, दहावी पास आणि किमान ४० तास उड्डाण. त्यातले २० तास सोलो, म्हणजे विमानात तुम्ही एकटे. सोलोपैकी ५ तास क्रॉस कंट्री, म्हणजे आपल्या विमानतळापासून लांब दुसऱ्या ठिकाणी जाणारं उड्डाण, आणि त्यात एक फेरी किमान १५० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरण्याची. पीपीएलवाला मित्रांना, घरच्यांना घेऊन उडू शकतो, पण त्याचे पैसे घेऊ शकत नाही.

तिसरा कमर्शियल, म्हणजे सीपीएल. इथून पगार सुरू होऊ शकतो. वय १८, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, आणि २०० तास. कला-वाणिज्य शाखेची मुलं पुढे मुक्त शाळेतून हे दोन विषय देऊन पात्र होतात, त्यामुळे तेवढ्यावरून कुणी स्वप्न सोडू नये. लेखी परीक्षेत नॅव्हिगेशन, हवामान, नियम आणि टेक्निकलचे पेपर असतात, प्रत्येकात ७० टक्के लागतात. शिवाय रेडिओवर बोलण्याची आरटीआर परीक्षा वेगळी. या परीक्षेत अडकलेली भरपूर मुलं आहेत. रेडिओवरचं इंग्रजी वर्गातल्या इंग्रजीसारखं नसतं. ते छोटं, ठरलेलं आणि वेगवान असतं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी याची धास्ती घेऊ नये, मात्र तयारी पहिल्या दिवसापासून करावी.

सगळ्यात वरचा एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स. वय २१ आणि १,५०० तास. प्रवासी विमानाचा कॅप्टन व्हायचं तर हा लागतो.

पायरी २: तासांची फोड मागा

हीच खरी पायरी, म्हणून इथे जरा थांबू.

लॉगबुक म्हणजे आडव्या पानांची जाड वही असते. आता डीजीसीएच्या संकेतस्थळावरही नोंदी कराव्या लागतात. प्रत्येक ओळीत तारीख, विमानाचा प्रकार, व्हीटीने सुरू होणारा त्याचा नोंदणी क्रमांक, कुठून कुठे आणि मग वेळेचे रकाने: ड्युअल, पायलट इन कमांड, दिवस, रात्र, एक इंजिन, अनेक इंजिनं, इन्स्ट्रुमेंट (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवणं), सिम्युलेटर. कुणी आपुलकीने वही दाखवली तर शेवटच्या पानावरच्या बेरजेकडे आधी बघू नका. मधलं कुठलंही पान उघडा आणि आडवं वाचा.

उड्डाणाचा वेळ म्हणजे नुसता हवेतला वेळ नव्हे, हेही माहीत हवं. उड्डाणासाठी विमान स्वतःच्या शक्तीने जागचं हललं तिथपासून ते परत येऊन थांबेपर्यंतचा वेळ मोजला जातो. गर्दीच्या विमानतळावर शिकणाऱ्याचा बराच वेळ टॅक्सी करण्यात, म्हणजे विमान जमिनीवरून चालवण्यात, आणि रनवेआधी ताटकळण्यात जातो. एक तासाची नोंद म्हणजे कधीकधी हवेत जेमतेम चाळीस मिनिटं. शांत धावपट्टीवर शिकलेल्याच्या तेवढ्याच तासात सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, जास्त होतात, लँडिंगही जास्त होतात. म्हणून सुरुवातीच्या वैमानिकाला तासांबरोबर "लँडिंग किती झाली?" हे जरूर विचारा. माझ्या मते पहिल्या शंभर तासांत हा आकडा जास्त बोलका आहे.

ड्युअल म्हणजे प्रशिक्षक शेजारी. पायलट इन कमांड, बोलीत पीआयसी, म्हणजे निर्णय तुमचा आणि जबाबदारीही तुमची. सीपीएलच्या २०० तासांत १०० तास पीआयसी लागतात, त्यातले १५ अर्ज करण्याआधीच्या सहा महिन्यांतले. क्रॉस कंट्री पीआयसी किमान २० तास. इन्स्ट्रुमेंटवर १० तास, त्यात सिम्युलेटरचे जास्तीत जास्त ५. रात्रीचे ५ तास, आणि रात्री स्वतः केलेली दहा टेकऑफ आणि दहा लँडिंग. हे सगळं अर्जाआधीच्या पाच वर्षांतलं हवं, म्हणजे दहा वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेले तास जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत.

सीपीएलला एक लांब फेरी लागते: ३०० नॉटिकल मैल, दोन वेगळ्या विमानतळांवर थांबे घेऊन. हे अंतर केवढं असतं ते आपल्या नकाशावर बघा. चिकलठाण्याहून, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळाहून, नांदेड सरळ रेषेत साधारण २१५ किलोमीटर, नांदेडहून लातूर सव्वाशे, लातूरहून परत चिकलठाणा दोनशेच्या आत-बाहेर. हा त्रिकोण ३०० नॉटिकल मैलांना, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरना, थोडासाच कमी पडतो. सेस्ना १७२ सारख्या छोट्या विमानाला त्याला अंदाजे तीन तास हवेत लागतील. कागदावर ही फेरी स्वतः आखून बघा. पहिल्या टप्प्यात जालना, परतूर, सेलू, परभणी, पूर्णा असा रेल्वेमार्ग खालून सोबत करतो. नांदेडला गोदावरी. लातूरकडे वळल्यावर मात्र रूळ सुटतात, बालाघाटच्या टेकड्या सुरू होतात, आणि दिशा, वेळ, वारा यांचं गणित स्वतःच्या मांडीवर ठेवलेल्या कागदावरच करावं लागतं. परतीच्या वाटेवर डावीकडे लांब जायकवाडीचं पाणी दिसू लागलं की जीव भांड्यात पडावा. नकाशा, मोजपट्टी आणि पेन्सिल घेऊन हे एकदा करून पाहिलं, की कुणी "सोलो क्रॉस कंट्री केली" म्हटल्यावर त्यामागे काय असतं ते नीट समजतं.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. २०११ च्या सुमारास देशात बनावट गुणपत्रिका आणि फुगवलेल्या तासांची प्रकरणं उघडकीला आली होती. न उडालेला तास वहीत लिहिला तर तो कधीतरी हवेत उघडा पडतो, आणि तेव्हा मागे माणसं बसलेली असतात. कुणी "तास ॲडजस्ट करून देऊ" म्हणालं तर त्या दारातून तिथल्या तिथे बाहेर पडा.

पायरी ३: कुठल्या हवेत उडाला ते विचारा

समुद्रकाठी गार हवेत झालेले शंभर तास आणि मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये झालेले शंभर तास यांत फरक आहे. चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. त्या उंचीला प्रमाण हवेचं तापमान ११ अंशांच्या आसपास धरतात. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी ४० अंश सहज असतं, म्हणजे २९ अंश जास्त. गरम हवा विरळ असते, विमानाला ती जास्त उंचीवरच्या हवेसारखी वाटते; दर अंशामागे साधारण १२० फूट धरले तर ३,४८० फूट वाढले. एकूण झाले जवळपास ५,४०० फूट. कळसूबाईच्या शिखराची उंची इतकीच आहे. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी चिकलठाण्याच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या छोट्या विमानाला कळसूबाईच्या माथ्यावरून उड्डाण करावं तशी विरळ हवा मिळते. इंजिनाची ताकद घटते, पंखांना उचल कमी मिळते, धावण्याचं अंतर वाढतं, चढ मंदावतो. यालाच डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न म्हणून तो शिकला जातो, पण या मातीत वाढलेल्याने तो हाडांत भिनवून घ्यावा.

म्हणून आपल्या भागातली उड्डाणं उन्हाळ्यात पहाटे होतात. दुपारी तापलेल्या काळ्या रानावरून वर येणारी हवा छोट्या विमानाला हिसके देते. पावसाळ्यात खाली उतरलेले ढग, मॉन्सूनपूर्व वादळी गडगडाट, हिवाळ्यात नदीकाठचं धुकं. उडणाऱ्याला विचारा की यातलं काय काय पाहिलं, आणि कोणत्या दिवशी उडायचं नाही असं ठरवलं. न उडण्याचा निर्णय लॉगबुकात लिहिला जात नाही, पण शहाण्या वैमानिकाची ओळख त्यात पटते.

संभाजीनगरच्या जुन्या लोकांना २६ एप्रिल १९९३ आठवत असेल. मुंबईकडे निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टी संपल्यावर बीड रस्त्यावरच्या कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं आणि ५५ माणसं गेली. चौकशीत विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं गेलं हे कारण निघालं, आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची रहदारी रोखली गेली नव्हती हेही. टेकऑफच्या त्या काही सेकंदांकडे किती गांभीर्याने बघायचं, हे आपल्या गावाइतकं कुणाला कळणार?

पायरी ४: परदेशी परवान्याशी तुलना करताना सावध राहा

अमेरिकेत शिकून आलेला एखादा चुलतभाऊ बहुतेक गटांत असतो. तिकडचाही पीपीएल किमान ४० तासांचा, म्हणून तो आणि आपला सारखाच, असं वाटतं. आत बघितलं तर वेगळं चित्र दिसतं. तिथे सोलो १० तास पुरतात, आपल्याकडे २० लागतात. उलट तिथल्या पीपीएलमध्ये रात्रीचे ३ तास आणि रात्रीची दहा लँडिंग येतातच. आपल्याकडे रात्रीचं रेटिंग, म्हणजे परवान्यावरची जादा परवानगी, वेगळं घ्यावं लागतं. युरोपात आणि ब्रिटनमध्ये किमान ४५ तास. अमेरिकेच्या सीपीएलला सर्वसाधारण मार्गाने २५० तास, मान्यताप्राप्त संस्थेच्या ठरीव अभ्यासक्रमात १९०.

सगळ्यात जास्त घोळ पीआयसीच्या रकान्यात होतो. अमेरिकेत पीपीएल मिळाल्यावर प्रशिक्षक शेजारी असला तरी कंट्रोल स्वतः हाताळणारा वैमानिक तो वेळ पीआयसी म्हणून लिहू शकतो. आपल्याकडे प्रशिक्षक शेजारी म्हणजे ड्युअल. त्यामुळे दोघांच्या वहीत "पीआयसी १५०" असलं तरी ते दीडशे तास एकसारखे नसतात. परदेशी परवाना भारतीय करून घेताना हेच रकाने तपासले जातात, आणि इथल्या परीक्षा, वैद्यकीय, उड्डाण चाचणी याही असतात. तिकडे शिकायला जाणाऱ्याने पहिल्या दिवसापासून वही डीजीसीएच्या पद्धतीने लिहावी.

आणखी एक. अमेरिकेत प्रवासी कंपनीत को-पायलट व्हायलाही साधारण १,५०० तास लागतात. आपल्याकडे सीपीएल, अनेक इंजिनांचं व इन्स्ट्रुमेंटचं रेटिंग आणि मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग (त्या ठरावीक प्रकारच्या विमानाची परवानगी) झालेला २०० तासांचा मुलगा किंवा मुलगी एअरबस ए३२० च्या उजव्या खुर्चीत बसू शकते. तिकडचा ९०० तासांचा प्रशिक्षक अजून सेस्नातच असेल. यातला कोण पुढे? प्रश्नच चुकीचा आहे. दोघांचं काम वेगळं आहे.

पायरी ५: ग्लायडर, ड्रोन, वायुदल, सिम्युलेटर यांना त्यांच्या मापाने मोजा

पुण्यात हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे. इंजिन नसलेल्या विमानात हवा वाचायला जे शिकायला मिळतं ते दुसरीकडे अवघड. ग्लायडरवाल्याचे तास कमी दिसतात, कारण त्याच्या फेऱ्या छोट्या असतात; त्याला "लाँच किती?", म्हणजे किती वेळा हवेत सोडला गेलास, असं विचारा.

ड्रोन आता आपल्या शिवारात पोचले आहेत. सोयाबीन-कापसावर फवारणी करणाऱ्या ताई-भाऊंकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट असतं. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार वय १८ ते ६५, दहावी पास, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, आणि मुदत १० वर्षं. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला ते लागत नाही, आणि हौसेसाठी २ किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनलाही नाही. विमानतळाजवळ राहत असाल तर डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात येते ते बघितल्याशिवाय काहीही उडवू नका. या प्रमाणपत्राचे तास सीपीएलमध्ये धरले जात नाहीत, पण वारा, बॅटरी, अडथळे यांची समज खरीच असते. नमो ड्रोन दीदी योजनेतून शिकलेल्या बायकांकडे काही जण खालच्या नजरेने बघतात, ते मला पटत नाही.

वायुदलाच्या वैमानिकाची तुलना नागरी तासांशी करूच नये. लढाऊ विमानाची सॉर्टी, म्हणजे एक फेरी, छोटी असते, त्यात काय काय घडतं ते तासांच्या रकान्यात दिसत नाही. त्या वाटेने जाणाऱ्यांसाठी संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मुलांना एनडीएसाठी तयार करते आहे. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला आहे. आणि लक्षात ठेवा, वायुदलाची वैमानिक अभियोग्यता चाचणी आयुष्यात एकदाच देता येते.

घरच्या संगणकावरचा सिम्युलेटर उपकरणांकडे नजर फिरवायची सवय आणि रेडिओचा सराव यासाठी चांगला आहे. त्याचे तास लॉगबुकात जात नाहीत.

पायरी ६: शेवटचं कधी उडाला आणि मेडिकल चालू आहे का, हे विचारा

हे थोडक्यात. दोन हजार तास असलेला पण दोन वर्षं विमानाला हात न लावलेला माणूस आणि कालच सर्किट करून आलेला सत्तर तासांचा पीपीएलवाला, यात आज कुणाबरोबर बसायचं हे तुम्हीच ठरवा. वैद्यकीय प्रमाणपत्र संपलं असेल तर परवाना खिशात असूनही उडता येत नाही. पीपीएलसाठी क्लास टू, सीपीएलसाठी क्लास वन. चष्मा असला म्हणून दार बंद होत नाही. रंग ओळखण्यातला दोष मात्र अडवतो. म्हणून सीपीएल करायचं असेल तर पैसे भरण्याआधी क्लास वन करून घ्या. आधी फी आणि मग तपासणी, हा क्रम कुणी सुचवला तरी ऐकू नका.

पायरी ७: मग संस्थेची तुलना करा

सीपीएलचा खर्च आज पन्नास लाखांच्या घरात जातो, आणि टाइप रेटिंगचे पैसे वेगळे. आपल्याकडे त्यासाठी शेत तारण ठेवलं जातं, आईचे दागिने मोडले जातात. म्हणून इथे भीड ठेवू नका. संस्थेत जाऊन कार्यालयात बसण्याआधी हँगरकडे, म्हणजे विमानं ठेवतात त्या शेडकडे, जा. विमानं किती आहेत ते मोजा, त्यातली आज उडण्याजोगी किती ते विचारा. विद्यार्थी किती, प्रशिक्षक किती. मग झाडाखाली, कँटीनमध्ये बसलेल्या विद्यार्थ्यांना विचारा: गेल्या महिन्यात किती तास मिळाले? प्रवेश घेऊन किती दिवस झाले? माहितीपत्रकात "पंधरा महिन्यांत सीपीएल" छापलेलं असतं. तीन विद्यार्थ्यांनी महिन्याला सहा-सात तास सांगितले तर गुणाकार तुम्हालाही येतो.

पैसे एकरकमी भरू नका. जेवढे तास झाले तेवढे पैसे, असे हप्ते करारात लिहून घ्या; मधेच सोडावं लागलं तर परत किती, तेही लिहून घ्या. गोंदिया, बारामती, जळगाव, शिरपूर, अशी ठिकाणं आपल्यापासून फार लांब नाहीत, तेव्हा फोनवरच्या गोड बोलण्यावर न जाता घरचं एक मोठं माणूस सोबत नेऊन बघून या. डीजीसीएने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, तीही तपासा.

आणि पहिलं उड्डाण झालं की त्याच संध्याकाळी वहीत नोंद करा, निळ्या किंवा काळ्या शाईने, खाडाखोड न करता. प्रशिक्षकाची सही त्याच आठवड्यात घ्या, कारण प्रशिक्षक नोकरी बदलून गेले की सहीसाठी वणवण होते. प्रत्येक पान भरलं की उभ्या आणि आडव्या बेरजा जुळवून बघा, आणि मग पानाचा फोटो काढून घरच्या एका माणसाकडे पाठवून ठेवा.